हाताने बदललेले माप

मित्रांनो, माझ्याजवळ बसलात तर आधी तुम्हाला माझ्या पंख्याची घरघर ऐकू येईल. मग पडदा उजळायला मी किती वेळ लावतो ते दिसेल आणि तुम्ही मनात म्हणाल, हा आता थकला. खरे आहे. मी एक जुना संगणक आहे. पलूसच्या मुख्य रस्त्यावर, खते आणि बियाणे विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, लालासाहेब मोहिते यांचे बांधकामाचे नकाशे काढण्याचे ऑफिस आहे. तिथल्या खिडकीजवळच्या टेबलावर माझे सारे आयुष्य गेले. माझ्या पडद्यावर घरे, गोठे, शाळेच्या खोल्या आणि मळ्यांतली पंपघरे उभी राहिली. त्यांतले एकही मी पाहिलेले नाही. मी फक्त रेघा पाहिल्या. त्यांतल्या एका घराबद्दल मला सांगायचे आहे. त्या घराचे खरे काय ते माझ्या पोटात होते, आणि तरी मी गप्प राहिलो.

माझे भाग कुठून कुठून आले, पण मला जोडले ते सांगलीतल्या एका दुकानात. एका चष्मेवाल्या माणसाने स्क्रू आवळले, माझ्यात नकाशे काढायचे कॅडचे सॉफ्टवेअर घातले आणि पडद्यावर एक सरळ रेघ मारून पाहिली. ती माझी पहिली रेघ. लालासाहेबांनी मला जीपच्या मागच्या सीटवर ठेवले आणि खड्ड्यांतून गाडी इतकी सावकाश आणली की मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून थकले. तोवर ते लाकडी फळ्यावर कागद ताणून, पेन्सिलीने नकाशे काढत असत. माझ्यापुढे बसले की ते अवघडून जात. साधी रेघ मारायची तरी वरच्या चित्रांच्या पट्टीत बाण न्यायचा, चित्र शोधायचे, दाबायचे, मग खाली यायचे. एका स्वयंपाकघराला त्यांना अख्खी सकाळ लागे. तरी गिऱ्हाईक आले की ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "आता सगळं कंप्युटरवर." तेव्हा मला फार बरे वाटे.

पुढे साईराज नावाचा ड्राफ्ट्समन आला. त्याच्या हाताला भलता वेग होता, पण शिस्त नव्हती. भिंती, दारे, खांब, गटार, खाटा, सगळे तो एकाच थरावर, म्हणजे एकाच लेअरवर, काढी. खाटा झाकून नुसत्या भिंती छापायच्या झाल्या की बिचारा एकेक खाट पुसत बसे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढी. दार तर तो प्रत्येक घराला नव्याने काढायचा. फायलींची नावे 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरी'. वीज गेली की तासाभराचे काम जाई आणि तो माझ्या पाठीवर थाप मारून "हे डबडं" म्हणे. वास्तविक दर दहा मिनिटांनी आपोआप काम जपून ठेवायची सोय माझ्यात होती. ती कोणी चालूच केली नव्हती. चार वर्षांनी साईराजला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला. जाताना कोणती 'फायनल' खरी हे सांगायचे तो विसरला.

त्याच्या जागी प्रियंका आली. ती पलूसचीच. तिचे वडील आण्णा हे गवंडी. गावातल्या बुद्धविहाराच्या पायऱ्या आणि निम्म्या पलूसच्या भिंती त्यांच्या हातच्या. आई बनाबाई द्राक्षबागेत कामाला जाई. प्रियंकाने सांगलीच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. सगळे गाव तिच्या वडिलांना आण्णा म्हणे, म्हणून तीही आण्णाच म्हणे.

पहिले दोन दिवस तिने एकही घर काढले नाही. लालासाहेब अस्वस्थ झाले.

"काय गं, सुरुवात कवा करणार?"

"हीच सुरुवात हाय सर," ती म्हणाली. "एकदा बैठक घातली की रोजची कटकट मिटती."

ती एक कोरी फाईल तयार करत होती. त्यात मापे फूट-इंचात येतील अशी सोय केली. भिंतींना एक थर, खांबांना दुसरा, दारे-खिडक्यांना तिसरा, मापांना चौथा, प्रत्येकाचा रंग वेगळा. आता खाटा नको असतील तर त्यांचा थर फक्त विझवायचा, पुसायचे काही नाही. अक्षरांचा आकार, मापांच्या बाणांचा आकार, कोपऱ्यातली ऑफिसच्या नावाची चौकट, सगळे त्यात आधीच बसवले. प्रत्येक नवे काम याच कोऱ्या फायलीतून सुरू व्हायचे. दार, खिडकी, संडासचे भांडे, जिना यांचे तिने एकदाच नीट चित्र काढून ब्लॉक करून ठेवले. लागेल तिथे ठेवायचे, फिरवायचे. चित्रात बदल केला की सगळीकडची दारे एका फटक्यात बदलत.

आणि तिचे हात! उजवा माऊसवर, डावा माझ्या कळांवर. वरच्या पट्टीकडे ती क्वचितच बघे. रेघेला एल, नकलेला सी-ओ, समांतर रेघेला ओ, जादा टोक छाटायला टी-आर. शेवटची आज्ञा पुन्हा हवी असेल तर नुसती स्पेसची कळ. कुठे अडकली तर आधी एस्केप दोनदा. रेघ सरळ राहावी म्हणून एफ-आठ आणि कोपरा बरोबर कोपऱ्यालाच भिडावा म्हणून एफ-तीन. डोळ्यांच्या अंदाजाने तिने कधी रेघ जोडली नाही. पडद्यावर दहा फुटांची भिंत ती दहा फुटांचीच काढी, लहान करायचे ते छापताना. फायलीचे नाव म्हणजे गाव, मालक आणि तारीख. शनिवारी सगळे काम पेन ड्राईव्हवर घेऊन ती तो घरी नेई. अशा माणसाच्या हाताखाली काम करताना यंत्रालाही आपण शहाणे आहोत असे वाटू लागते. ती आमच्या आयुष्यातली चांगली वर्षे होती.

एके दिवशी सकाळी सुभेदार जोतीराम जिना चढून वर आले. अठ्ठावीस वर्षे फौजेत काढून ते गावी परतले होते आणि वर्षभरातच त्यांच्या पत्नी शालूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. चाकांची खुर्ची आली. सुभेदारांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर खुर्चीची रुंदी, लांबी, उंची, सगळे काटेकोर लिहिलेले.

"मळ्यात घर बांधायचंय," ते म्हणाले. "एकच मजला. उंबरा कुठंबी नको. पायरीच्या जागी उतार. तिला तिच्या खोलीतनं बाथरूमला एकटीनं जाता आलं पाहिजे. बाकी तुमी काय बी करा."

प्रियंकाने दोन दिवसांत नकाशा केला. खोलीतून बाहेर तीन फुटांचा बोळ, बोळाच्या कडेला बाथरूमचे दार. सुभेदार खूश झाले. बांधकामाचे काम आण्णांना मिळाले आणि प्रियंकाचा चेहरा उजळला. आजवर वडिलांनी तिच्या नकाशावरून घर बांधले नव्हते.

आठवड्याने सुभेदारांचा फोन आला. त्यांनी अंगणात चुन्याने बोळ आखला होता, तीन फुटांचा, आणि शालूबाईंना खुर्चीत बसवून त्यातून नेऊन पाहिले होते. खुर्ची सरळ गेली, पण बाथरूमच्या दाराकडे वळेना. साडेचार फूट आखले तेव्हा वळली. "स्वयंपाकघर दीड फूट बारीक करा, चालंल," ते म्हणाले. "आज अकराला मी नि आण्णा मळ्यात हाय. नवा कागद पाठवा."

त्या वेळी लालासाहेब तासगावला निघाले होते. खाली गाडी सुरू होती.

"प्रियंका, बोळाचा आकडा साडेचार कर आणि प्रिंट दे. जाता जाता सुभेदारांना देतो."

"सर, भिंत सरकवायला चार-पाच मिनिटं लागतील."

"भिंत मागनं सरकव गं. आता नुसता आकडा बदल. त्यांना काय, आकडाच वाचायचाय."

मला तिचे बोट थांबलेले जाणवले. मग तिने बोळाच्या मापावर दोनदा टिचकी मारली, खरा आकडा पुसला आणि त्या जागी हाताने साडेचार फूट लिहिले. छपाईयंत्रातून कागद निघाला. लालासाहेब तो घेऊन जिना उतरले.

मित्रांनो, इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. नकाशावरचा आकडा माणसाने लिहायचा नसतो. दोन टोके दाखवली की मधले अंतर मी स्वतः मोजतो आणि लिहितो. भिंत सरकली तर आकडाही आपोआप बदलतो. पण त्या आकड्यावर कोणी हाताने दुसरा आकडा लिहिला, तर मी मुकाट्याने तो दाखवतो. कागदावर बोळ साडेचार फुटांचा झाला होता. माझ्या पोटात तो तीनच फुटांचा होता.

आणि खरे काम किती होते? एस ही अक्षरकळ, उजवीकडून डावीकडे एक चौकट ओढून ती भिंत, तिचे खांब आणि दार कवेत घ्यायचे, दीड फूट म्हणायचे. सगळे एकदम सरकते, आकडेही सरकतात. तिला ते तोंडपाठ होते. जेवण झाले की करू, असे ती स्वतःशी पुटपुटलीही. पण दुपारी वीज गेली, साईराज गेल्यावर मला जोडलेली बॅटरी शिट्टी मारू लागली आणि तिने काम जपून ठेवून मला बंद केले. वीज आली तेव्हा टेबलावर एका शाळेच्या चार खोल्यांचे तातडीचे काम येऊन पडले होते. त्यात आठ दिवस गेले. भिंत राहून गेली.

नवव्या दिवशी खांबांचा कागद काढायची वेळ आली. आखणी करताना गवंडी हाच कागद बघतो. यात भिंती नसतात, नुसते खांब आणि एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर. प्रियंकाने त्याच फायलीतले खांब उचलले. तिने मापे घ्यायला सांगितली आणि मी खरी मापे दिली. बोळाच्या दोन बाजूंच्या खांबांमध्ये सव्वापाच फूट हवे होते. मी पावणेचार लिहिले. मी चूक केली नव्हती. मला जे काढून दिले होते तेच मी मोजले. तिने कागद छापला, लालासाहेबांनी सही केली.

पाच आठवडे गेले. एका मंगळवारी, अकराच्या सुमारास आण्णा वर आले. कामावरून थेट आले होते, विजारीला सिमेंट लागलेले. एका हातात दोन कागद, दुसऱ्यात टेप. लालासाहेब बाहेर गेले होते. आण्णा लेकीसमोर बसले नाहीत, उभेच राहिले.

"पियू, जरा बघ हे. भिंतीच्या कागदावर बोळ साडेचार हाय. म्या आज जोत्यावर इटा मांडायला घेतल्या, तर खांबांच्या मधी निव्वळ तीन फूट भरतंय. तीनदा टेप लावला. माझी आखणी चुकली का काय, ते बघ."

प्रियंकाने फाईल उघडली. बोळाच्या मापावर टिचकी मारली आणि बाजूला त्याच्या माहितीची पट्टी उघडली. त्या पट्टीत दोन रकाने असतात. एकात मी मोजलेले अंतर, दुसऱ्यात माणसाने लिहिलेले. पहिल्यात तीन फूट. दुसऱ्यात साडेचार.

ती दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मित्रांनो, ते दोन आकडे माझ्याजवळ पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी पडून होते. पण विचारल्याशिवाय मला सांगता येत नाही. यंत्राचा तोच मोठा दोष आहे.

"तुमची आखणी बरोबर हाय आण्णा," ती शेवटी म्हणाली. "माझा कागद चुकलाय."

आण्णांनी टेप गुंडाळला. "खांब जोत्याच्या वर आलं की गं," एवढेच ते म्हणाले.

दुपारी सुभेदार आले. त्यांना मळ्यात कळले होते. लालासाहेबही परतले होते. माझ्यासमोरच्या खुर्च्यांवर तिघे बसले, आण्णा दाराशी उभे. लालासाहेबांनी दोन्ही कागद हातात घेतले, खाली ठेवले, पुन्हा घेतले. ते वाईट माणूस नव्हते. पण पंचवीस वर्षांचे नाव होते आणि ते घाबरले होते.

"सुभेदार, तसं आखणीत जरा इकडंतिकडं झाल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. "साईटवर कदी कदी हुतं..."

आण्णांनी मान वर केली, पण ते बोलले नाहीत. साहेबांसमोर आपल्या बाजूने बोलायची सवय त्यांना नव्हती. सुभेदारांची नजर त्यांच्याकडे वळली. त्या नजरेत काय होते ते मला ठाऊक नाही. प्रियंका मात्र उठून उभी राहिली.

"न्हाई सर. साईटवर काय झालेलं न्हाई." तिने पडद्याकडे बोट केले. "सुभेदारसाहेब, हिकडं या. हे बघा. हे खरं माप, हे मी हातानं लिवलेलं. भिंत मी सरकवलीच न्हाई. खांबांचा कागद बी ह्याच्यातनंच काढला. आण्णांनी कागदावर होतं तसंच बांधलं. चूक माझी हाय."

सुभेदार पुढे वाकून दोन्ही आकडे वाचू लागले.

"मी सांगिटलं तिला," लालासाहेब खालच्या आवाजात म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. "मी गडबडीत होतो. नुसता आकडा बदल म्हणालो. ती नको म्हणत होती. सही माझी हाय, सुभेदार. खांब पाडायचे नि परत उभे करायचे, ते सगळं माझ्या अंगावर."

सुभेदार रागाने बोलले नाहीत, आणि ते जास्त जड गेले.

"पैशाचं सोडा. आमी भावाच्या घरात ऱ्हातो. तिथला संडास अंगणाच्या पल्याड हाय. रोज तिला दोघांनी उचलून न्यावं लागतं. एक मी, एक भावजय. पाऊस आसला की छत्री धरायला तिसरं माणूस." ते पुढे म्हणाले, "शालू पानी प्यायची बंद झालीया. दिवसभर पीत न्हाई, म्हंजी जायला लागू ने. डाक्टर वरडतोय. ती म्हनती, नव्या घरात पिऊ. आता तिला किती दिवस सांगू?"

प्रियंका रडली नाही. ती माझ्यासमोर बसली, एस दाबले, चौकट ओढली, दीड फूट लिहिले. भिंत, खांब, दार, सगळे सरकले. मी मोजून साडेचार लिहिले. मग तिने दोन्ही कागद छापले, त्यावर नवी तारीख आणि नवा क्रमांक घातला, आणि जुन्या कागदांवर लाल पेनाने फुली मारली. घड्याळात चार मिनिटे झाली होती. ते सगळ्यांनीच पाहिले असावे, कारण लालासाहेबांनी नजर खाली घातली.

पुढचे मी पाहिले नाही, ऐकले. खांब फोडायला यंत्र मागवले होते, पण ते दोन दिवसांनी येणार होते. आण्णा थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी घण उचलला. स्वतः ओतलेले तीन खांब आणि त्यांचा पाया त्यांनी दोन माणसांना घेऊन फोडायला घेतला. प्रियंका ऑफिसला यायच्या आधी तिथे गेली होती. तिने काही करायला हात पुढे केला तर त्यांनी तिला लांब उभे केले. नंतर तिने लालासाहेबांना सांगितले, "मला वाटलं आण्णा बोलतील, शिव्या घालतील. त्ये निस्तं घण मारत होते. मग पानी प्यायला थांबले तवा म्हणाले, 'तुझा कागद चुकला की माझा टेप खोटा पडतो, पियू. लोक म्हनत्यात गवंड्याला मोजता येत न्हाई.' सर, मला एवढं कधीच लागलं न्हवतं."

त्यानंतर ऑफिसात काही गोष्टी बदलल्या. छापायच्या आधी प्रियंका नकाशातली सगळी मापे एकदम निवडते आणि माहितीच्या पट्टीत हाताने लिहिलेल्या आकड्याचा रकाना बघते. तो कोरा असला तरच कागद निघतो. नकाशात बदल आला की आधी रेघ सरकते, मग कागद, कोणी कितीही घाई करो. भिंतींचा कागद आणि खांबांचा कागद ती शेजारी ठेवून माप माप ताडून पाहते. आणि दर नव्या घराचा नकाशा गवंड्याच्या हाती देण्याआधी त्याला माझ्यासमोर बसवते आणि विचारते, "तुमाला यात काय खटकतंय?" पहिल्यांदा आण्णाच बसले. पडद्यासमोर बसायची त्यांची पहिलीच वेळ. त्यांनी चष्मा पुसला आणि अर्ध्या तासात दोन चुका काढल्या. एक खिडकी जिन्याआड जात होती आणि एका दाराला उघडायला जागा नव्हती. लालासाहेब ते बघून म्हणाले, "आण्णा, हे पंचवीस वर्षं आदी का न्हाई केलं आमी?" आण्णा म्हणाले, "तुमी बोलावलं न्हाई सायेब."

घर सात आठवडे उशिरा पूर्ण झाले. त्या सात आठवड्यांत शालूबाईंना एकदा मूत्रमार्गाच्या संसर्गाने सांगलीला दवाखान्यात ठेवावे लागले. ते प्रियंकाला कळले त्या दिवशी ती दुपारभर काम करू शकली नाही. माझ्या पडद्यावर एक कोरी फाईल उघडी होती आणि ती तिच्याकडे बघत बसली होती. चूक कबूल केली म्हणजे तिची भरपाई होते असे नाही, हे मला त्या दिवशी समजले.

वास्तुशांतीचे बोलावणे तिला आणि आण्णांना दोघांनाही आले. जावे की नाही यावर ती फार विचार करत होती. शेवटी गेली. दुसऱ्या दिवशी लालासाहेबांनी विचारले आणि ती माझ्यासमोर बसून सांगू लागली. मी ऐकत होतो.

पूजा झाली, जेवणे झाली, बायका नव्या खोल्या बघत फिरत होत्या. शालूबाई खुर्चीत बसल्या होत्या. डाव्या हाताने त्या चाक फिरवत आणि डाव्या पायाने जमीन रेटत. सुभेदारांची भावजय खुर्ची ढकलायला आली तर त्यांनी मानेने नको म्हटले. त्यांना नीट बोलता येत नाही. त्या एकट्याच खोलीतून बोळात आल्या. बोळात उभ्या असलेल्या माणसांनी वाट दिली. प्रियंका भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिला चाकाची आणि भिंतीची फट दिसत होती. बाथरूमच्या दाराशी खुर्ची थांबली, थोडी मागे गेली, मग वळली. पुरती वळली. शालूबाई आत गेल्या.

"आणि मग?" लालासाहेबांनी विचारले.

"मग त्यांनी आतनं दार लावलं सर," प्रियंका म्हणाली. "कडी वाजली. सुभेदारसाहेब बोळातच उभे होते. त्ये लगेच बाहेर गेले, अंगणात. बराच वेळ आत आले न्हाईत."

लालासाहेबांनी खिडकी उघडली आणि खाली रस्त्याकडे बघत उभे राहिले.

आता माझी पाळी संपत आली आहे. नव्या मोठ्या नकाशांना मी पुरत नाही, माझी स्मृती भरते, मी मध्येच थिजतो. पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवे यंत्र येणार आहे. प्रियंका रोज थोडे थोडे माझ्यातले काम काढून घेते. वापरात नसलेले थर आणि ब्लॉक झाडून टाकते, म्हणजे फायली हलक्या होतात, आणि प्रत्येकीची दोन जागी नक्कल ठेवते. मला त्याचे दुःख नाही. यंत्र झिजणारच.

पण मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या अशा पडद्यासमोर बसाल. हात भराभर चालवायला जरूर शिका, मला वेगाने काम करणारी माणसे आवडतात. फक्त घाईच्या दिवशी, कोणी गाडी सुरू ठेवून खाली उभे असले तरी, माझ्या आकड्यावर आपला आकडा लिहू नका. रेघ सरकवा. मी जे दाखवतो ते खरे आहे का हे मला विचारा. मी नेहमी खरे सांगीन. मला तेवढेच येते. आणि तुमच्या कागदावरून कोणी तरी थापी उचलणार आहे, कोणी तरी त्या दारातून एकटे आत जाणार आहे, हे छपाईची कळ दाबण्याआधी एकदा आठवा. माझी काळजी घेतली नाही तरी चालेल. त्यांची घ्या.